पणजोबांची जन्मनोंद कुठं मिळंल? (करवीर तालुका)

प्रश्न: जन्म 1925च्या आसपास. शाळेचा दाखला नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही), मागा. अर्जात गाव लिहा आणि मागची-पुढची पाच वर्षं धरा. बाळाचं नाव बहुधा नसतंच. ‘मुलगा’, बापाचं नाव, जात, तारीख. म्हणून बापाच्या नावानं शोधा.

उत्तर: त्याआधी आजोळचं गाव बघा हो! पहिलटकरीण माहेरी जायची, नोंद तिथल्याच बुकात.

उत्तर: जुनी पानं मोडी लिपीत असतात, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. आडनाव नसलं तर दचकू नका. आणि लग्नाची नोंद यात शोधत बसू नका, इथं फक्त जन्म-मृत्यू.