पिकअपचं हायब्रिड: प्रतिस्पर्ध्यांनी मिळून बनवावं की ज्याचं त्यानं? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

हालोल रोड

ऑगस्ट २०११ मध्ये फोर्ड आणि टोयोटा यांनी एक करार जाहीर केला होता. पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींसाठी हायब्रिड यंत्रणा (इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी) बरोबरीच्या भागीदारीत बनवायची, गाड्या मात्र ज्याच्या त्यानं आपल्या नावानं विकायच्या. निकड दोघांनाही होती. महिन्याभरापूर्वीच अमेरिकी सरकारनं २०२५ पर्यंत गॅलनला सरासरी ५४.५ मैल असं लक्ष्य पुढे ठेवलं होतं, आणि त्या देशात सगळ्यात जास्त खपणारी गाडी म्हणजे फोर्डची पिकअपच. जुलै २०१३ मध्ये प्राथमिक अभ्यास संपला आणि दोघांनी आपापली वाट धरली.

हा दाखला देऊन ‘प्रतिस्पर्धी एकत्र आले की शेवट असाच’ असं सांगणारे बडोद्यात मला बरेच भेटतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपासून हालोलपर्यंत गाड्यांच्या सुट्या भागांवर पोट असलेली माणसं इथे खूप आहेत, त्यामुळे विषय निघतोच.

मला तो निष्कर्ष पटत नाही. त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये फोर्डनं दुसरा एक करार केला होता, तोही जनरल मोटर्सशी. फोर्डची एफ-१५० आणि जनरल मोटर्सची (जीएमची) सिल्व्हराडो या पिकअपमध्ये केवढी चुरस असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी या दोघांनी नऊ आणि दहा गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळून बनवायचं ठरवलं. दहाचं काम मुख्यतः फोर्डनं पाहिलं, नऊचं जीएमनं. भाग शक्य तितके सारखे ठेवले, सॉफ्टवेअर प्रत्येकानं स्वतःचं लिहिलं. तो करार टिकला. २०२० मध्ये एफ-१५० पॉवरबूस्ट ही हायब्रिड पिकअप आली, तिची ३५ किलोवॅटची मोटर याच दहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये बसवलेली आहे. म्हणजे फोर्डचं हायब्रिड एका प्रतिस्पर्ध्याबरोबर जमलं नाही आणि दुसऱ्याबरोबर बनवलेल्या गिअरबॉक्सवर उभं राहिलं.

आपल्याकडे छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, दोस्त, इंट्रा या गाड्या शहराचा सगळा माल वाहतात. पर्याय काय, तर डिझेल, पेट्रोल, सीएनजी, नाहीतर थेट इलेक्ट्रिक. मधली पायरीच नाही. ती एकट्या कंपनीला परवडत नसेल तर दोघातिघांनी मोटर आणि गिअरबॉक्स मिळून बनवावेत. माझं ठाम मत आहे की हे व्हायला हवं, आणि तेही सुट्या भागांच्या कारखान्यांना सुरुवातीपासून सोबत घेऊन.

पादरा लाइन

काका, मी रोज रात्री पादऱ्याहून भाजी भरून सयाजीपुऱ्याच्या मार्केटला आणतो. माझी गाडी सीएनजीवर चालते. पंप वाटेत आहे, मिस्त्री ओळखीचा आहे, किटला काही झालं तर दुपारपर्यंत गाडी परत रस्त्यावर येते. हायब्रिड दोन कंपन्यांनी बनवलं काय आणि चार कंपन्यांनी बनवलं काय, किंमत दीड-दोन लाखांनी चढली तर ते वसूल कधी होणार? शिवाय बॅटरी आणि मोटरचा बिघाड पादऱ्याचा मिस्त्री उघडूनसुद्धा बघणार नाही. गाडी शोरूमला उभी राहिली की माझी फेरी बुडते आणि शेतकरी दुसऱ्याची गाडी धरतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा आम्हाला खरा फायदा झाला. इलेक्ट्रिकला ५ टक्के आहे. हायब्रिड पिकअप आली तर ती कुठे बसणार हे आधी ठरवा.

गिअरगणित

मी कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, मेकॅनिकल केलं आणि पुढे ट्रान्समिशनवरच काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते. हालोल रोड यांच्या मांडणीतला एक तुकडा सुटला आहे.

मिळून पिकअप हायब्रिड बनवायचा मोठा प्रयोग फोर्ड-टोयोटाच्या आधीच झाला होता. डिसेंबर २००४ मध्ये जीएम आणि डेमलरक्रायस्लर एकत्र आले, २००५ मध्ये बीएमडब्ल्यू त्यांना मिळाली. मिशिगनमधल्या ट्रॉय इथे तिघांचे इंजिनिअर एका छताखाली बसले आणि त्यांनी ‘टू-मोड’ गिअरबॉक्स बनवला. दोन मोटरी, तीन प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात असे संच), चार पक्के गिअर, आणि हे सगळं साध्या ऑटोमॅटिकच्या जागेत बसवलेलं. पक्के गिअर मुद्दाम ठेवले होते. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड कारसारख्या रचनेत इंजिनच्या ताकदीचा एक हिस्सा सतत जनरेटर, मग मोटर असा फिरून चाकाकडे जातो. छोट्या कारला ते चालतं. तीन टनांचा ट्रेलर तासभर घाट चढवायचा असेल तर मोटरी तापतात आणि फिरून जाणाऱ्या ताकदीत नुकसानही होतं. टू-मोडनं हा प्रश्न खरोखर सोडवला. जीएमच्या मोठ्या एसयूव्हीला, २००८ च्या टाहो हायब्रिडला, शहरात गॅलनला २१ मैल मिळत होते, साध्या टाहोला १४.

इतकं करून ती यंत्रणा टिकली नाही. ती महाग होती आणि खप थोडा. डेमलर आणि क्रायस्लर २००७ मध्येच वेगळे झाले, क्रायस्लरच्या हायब्रिड एसयूव्ही २००८ मध्ये काही महिनेच बनल्या, आणि २००९ मध्ये जीएम आणि क्रायस्लर दोघांनीही दिवाळखोरी जाहीर केली. सिल्व्हराडो हायब्रिड २०१३ पर्यंत रेटली, मग तीही थांबली. इंजिनिअरिंग म्हणून ते उत्तम काम होतं, पण तिघांच्या गरजा एकाच पेटीत कोंबायच्या म्हणून ते अवघड आणि महाग झालं असं मला वाटतं. तीच पेटी सिल्व्हराडोत, तीच बीएमडब्ल्यूच्या एक्स-६ मध्ये. बांधकामाचं सामान ओढणारा आणि ऑटोबानवर पळणारा, दोघांना एकाच गिअरबॉक्समध्ये खूश कसं करणार?

आता गंमत नव्हे, खरा मुद्दा. २०१३ मध्ये वेगळे झाल्यावर फोर्ड आणि टोयोटा पोचले कुठे? पॉवरबूस्टमध्ये इंजिन आणि दहा गिअरच्या ऑटोमॅटिकच्या मध्ये एक मोटर आहे आणि जेमतेम दीड किलोवॅट-तासाची बॅटरी. टोयोटाची २०२२ ची हायब्रिड पिकअप टुंड्रा आय-फोर्स मॅक्स उघडा: तिथेही इंजिन आणि दहा गिअरच्या ऑटोमॅटिकच्या मध्ये एक मोटर, बॅटरी १.८७ किलोवॅट-तासाची. टोयोटानं स्वतःची प्रियसची रचना इथे बाजूला ठेवली. स्वतंत्रपणे विचार केल्यामुळेच दोघांना हे साधं उत्तर सापडलं. एकत्र राहिले असते तर दुसरा टू-मोड बनला असता अशी मला भीती वाटते.

हालोल रोड

गिअरगणित ताई, याच माहितीवरून मी बरोबर उलट म्हणेन. दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्याच रचनेला पोचले, म्हणजे तीच चाचणी, तोच खर्च दोनदा झाला. अमेरिकेत पिकअपवर नफा भरपूर, तिथे हे पचलं. आपल्याकडे छोट्या मालगाडीवर किती सुटतं? इथे खर्च दोनदा करायचा म्हटला तर कुणीच करणार नाही, आणि तसंच चाललंय.

न्यायमंदिर

मी वकिली करतो, म्हणून माझी हरकत वेगळी आहे. प्रतिस्पर्ध्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं एका टेबलावर बसले की बोलणं तंत्रापुरतं राहत नाही.

जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगानं फोक्सवॅगन गट आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. त्या कटात डेमलरही होती, पण तिनंच प्रकरण उघड केलं म्हणून ती दंडातून सुटली. डिझेलचा धूर स्वच्छ करायला त्यात सोडायचं युरियाचं द्रावण, म्हणजे अ‍ॅडब्लू लागतं. २००९ ते २०१४ या काळात या कंपन्यांच्या तांत्रिक बैठका चालत. त्यांत टाक्यांचे आकार आणि एका भरण्यात किती पल्ला हे आपसांत ठरलं, आणि कायद्यानं मागितलंय त्याहून जास्त स्वच्छ करण्यात कुणी कुणाशी स्पर्धा करायची नाही असं ठरलं. तंत्र हातात होतं आणि ते पुरतं वापरलं नाही.

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातलं कलम ३ कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सूट देतं. त्यामुळे हालोल रोड म्हणतात तसा करार बेकायदा ठरेलच असं नाही. पण छोट्या पिकअपचा आपला बाजार मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे. त्यांतल्या दोघीतिघींनी ‘मायलेज एवढंच द्यायचं, बॅटरी एवढीच लावायची’ असं ठरवलं तर पादरा लाइनसारख्या माणसाला ते कळणारही नाही. मला ही भागीदारी नको.

गिअरगणित

न्यायमंदिर, त्याच प्रकरणात आयोगानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. अ‍ॅडब्लू भरायच्या तोंडाचं प्रमाणीकरण, त्याच्या दर्जाचे निकष, ते सोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा पाया मिळून बनवणं, या सहकार्याला हरकत नाही असं कंपन्यांना कळवलं होतं. सीमा आखता येते. माझा विरोध अख्खी हायब्रिड यंत्रणा मिळून बनवण्याला आहे. मोटरचं माप, कनेक्टर, इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या भागाची) चौकट एकसारखी असायला माझी काहीच हरकत नाही. पादरा लाइन यांच्या मिस्त्रीला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल, कारण एक गाडी उघडायला शिकला की चार उघडता येतील.

शिवाय टोयोटानं एप्रिल २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या भागांची जवळपास २४,००० पेटंटं २०३० अखेरपर्यंत विनामूल्य वापरायला खुली केली आहेत. ज्याला खरंच शिकायचंय त्याला भागीदार शोधण्याआधी तिथून सुरुवात करता येते.

मकरपुरा टूलरूम

सगळे कंपन्यांच्या बाजूनं किंवा गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलताय. मधल्या माणसाचं कोण बोलणार?

माझं डाय (भाग घडवायचे साचे) आणि फिक्सचरचं (काम करताना भाग धरून ठेवणाऱ्या चौकटींचं) वर्कशॉप आहे. परराज्यातल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या एका संयुक्त मॉडेलसाठी आम्ही कर्ज काढून डाय बनवल्या होत्या. दोघांत बिनसलं, मॉडेल गेलं. कंपन्यांनी कागदावर सही करून विषय संपवला, आमचे हप्ते चालू राहिले. दोन मालक असले की जबाबदारी कुणाचीच नसते, हा म्हणाला त्याला विचारा, तो म्हणाला याला विचारा. एकट्या कंपनीचं निदान दार तरी ठाऊक असतं.

आणि हे मोडणं काही दुर्मीळ नाही. महिंद्रा आणि फोर्डनं ऑक्टोबर २०१९ मध्ये संयुक्त कंपनी जाहीर केली, ३१ डिसेंबर २०२० ला ती सोडून दिली. अशोक लेलँड आणि निसान यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये निसान बाहेर पडली. भाऊ, तुम्ही म्हणता मिळून बनवा. मोडलं तर माझ्या डायचे पैसे कोण देणार, एवढं सांगा.

हालोल रोड

तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण तुमच्याच उदाहरणातलं पुढचंही बघा. निसान गेली तरी दोघांनी मिळून काढलेली दोस्त बंद पडली नाही, कारण अशोक लेलँडनं तो धंदा आपल्याकडे घेतला. ती आजही आपल्या रस्त्यांवर माल वाहते, म्हणजे तिचे भाग बनवणारे कारखानेही चालू आहेत. मागे राहणाऱ्याला ते उत्पादन पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात घेता येतं का, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि एकटी कंपनीही सोडून जातेच. जीएमनं २८ एप्रिल २०१७ ला हालोलचं उत्पादन थांबवलं तेव्हा तिथे कुणी बरोबरीचा भागीदार नव्हता. पुढे तो प्लांट एमजीकडे गेला आणि २०१९ मध्ये तिथून हेक्टर निघाली म्हणून बरं.

टिकलेलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हंसलपूरला तोशिबा, डेन्सो आणि सुझुकी यांचा मिळून बॅटरीचा कारखाना आहे, तिथे हायब्रिडसाठी लिथियम-आयन सेल बनतात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या इलेक्ट्रोडच्या उत्पादनाचं उद्घाटन झालं. टोयोटा आणि सुझुकी तर २०१७ पासून एकत्र आहेत. सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर दोन्ही टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातून निघाल्या, शोरूममध्ये मात्र एकमेकींशी लढतात. हे कारला जमतं तर मालगाडीला का नाही?

पादरा लाइन

काका, कारमध्ये बसणारा माणूस आराम आणि मायलेज बघतो. मी वजन बघतो. बॅटरी-मोटरनं गाडी शंभर किलोनं जड झाली तर तेवढी भाजी कमी, रोज.

एक गोष्ट मात्र आवडली. माझा मेहुणा डल्लासला असतो, तो सांगत होता की फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज गेली तेव्हा लोकांनी त्या हायब्रिड एफ-१५० वरून घरं चालवली, ७.२ किलोवॅटपर्यंत वीज देते ती. आपल्याकडे नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला साउंड आणि लाइटसाठी जनरेटर भाड्यानं आणतात, तो आणायलाही पिकअपच लागते. गाडीच जनरेटर झाली तर नऊ रात्रींचं भाडं वेगळं सुटेल. त्यासाठी मी वीस-पंचवीस हजार जास्त मोजेन. दीड लाख नाही.

न्यायमंदिर

मकरपुरा टूलरूम, डायच्या पैशांबद्दल माझा व्यवहारी सल्ला. डायची किंमत नगाच्या दरात मिसळू देऊ नका. पर्चेस ऑर्डरमध्ये टूलिंगचा खर्च वेगळा लिहून घ्या, डायची मालकी कुणाची ते लिहा, आणि ठरलेले नग उचलले नाहीत तर उरलेली रक्कम किती दिवसांत द्यायची तेही. संयुक्त मॉडेल असेल तर दोन्ही कंपन्यांच्या सह्या घ्या आणि जबाबदारी ‘संयुक्त आणि वैयक्तिक’ असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे एकीकडून आले नाहीत तर सगळी रक्कम दुसरीकडून मागता येते. भागीदारीला माझा विरोध कायम आहे, पण ती होणारच असेल तर तुम्ही तरी उघड्यावर पडू नका.

मकरपुरा टूलरूम

आभारी आहे. एकट्या वर्कशॉपनं हे मागितलं तर खरेदी विभाग दुसऱ्याला ऑर्डर देईल, म्हणून आमच्या लाइनीतल्या बाकीच्यांशी आधी बोलतो. सगळ्यांनी एकच मसुदा धरला तर मागता येईल. न्यायमंदिर, त्या ‘संयुक्त आणि वैयक्तिक’ कलमाचे शब्द इथेच लिहून द्या, रविवारी सगळ्यांना दाखवतो.