अरबी मनाझिल: अल-बल्दाचा तारा कुठला?

आकाशवेडा: मंडळी, अरबांच्या २८ चांद्र मनाझिल (चंद्राचे मुक्काम, आपल्या नक्षत्रांसारखे) स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर एकेक करून शोधतोय. सुरुवात एकदम सोपी गेली, अश-शरतान म्हणजे मेषेतले बीटा-गॅमा तारे, आपली अश्विनीच, पुढे अथ-थुरय्या कृत्तिका, अद-दबरान रोहिणी. पण २१वी अल-बल्दा काही केल्या सापडेना, धनूत आहे म्हणतात पण धनूत नेमकी कुठे??

रात्रपाळी: सापडणारच नाही, कारण तिथे ताराच नाहीये 😄 आधी तिच्या अलीकडची मंझिल अन-नआइम बघ, म्हणजे शहामृगं. धनूतले चार तारे आकाशगंगेवर पाणी प्यायला चाललेत (गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, ईटा) आणि चार पिऊन परत येतायत. त्यांच्या वर पाय (π), ओमिक्रॉन, झाय वगैरे ताऱ्यांची छोटी कमान दिसेल, तिला लागून पूर्वेला जो ओसाड तुकडा आहे ना तीच अल-बल्दा.

मघा_१०: +१. आणि आपल्या नक्षत्रांच्या यादीशी सरसकट जोडत बसू नकोस हां, बऱ्याच ठिकाणी गंडतं. अल-हना मिथुनेतले गॅमा आणि झाय, आपली आर्द्रा मात्र काक्षी (बेटेलज्यूज). अल-बल्दाच्या पुढे तर वाटाच वेगळ्या, आपले अभिजित, श्रवण, धनिष्ठा पार उत्तरेला आणि अरबांच्या 'साद' नावाच्या चार मनाझिल मकर-कुंभेत, चंद्राच्या वाटेजवळ. मला विचारशील तर चंद्र मोजायला त्यांचीच निवड बरी, फक्त तारे इतके मंद की शहरातून त्यातली साद बुला दिसणं विसर.

आकाशवेडा: भारीच! आता अमावास्येला गावी जाऊन सादांच्या मागे लागतो.