बोअर (सिलेंडरचा व्यास) वाढवलेली १२५ सीसी, अर्ध्या थ्रॉटलला अडखळते. कार्ब्युरेटरचा कोणता जेट (पेट्रोलचं भोक) बदलू?

हँडलवाकडा: चार स्ट्रोक, एअर-कूल्ड १२५. बोअर किट टाकून १५० च्या आसपास नेली आहे. सोबत मोकळा सायलेन्सर, उघडा कोन एअर फिल्टर आणि २६ मिमीचा गोल स्लाइडवाला कार्ब. आयडलला बरी आहे, पण पाव ते अर्ध्या थ्रॉटलमध्ये अडखळते, पूर्ण पिळला की सुसाट. थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात आणि रेस खाली यायला वेळ लागतो. मेन जेट १०५ चा ११५ केला, फरक शून्य. बजेट जेट आणि फार तर एक नीडल (कार्बमधली सुई) एवढंच. नवीन कार्ब घ्यायचा नाही.

सुसाट_सदा: २८ चा फ्लॅट-स्लाइड कार्ब घे. माझी आता दोन्ही हातांनी घट्ट धरावी लागते. बाकी सगळा टाइमपास.

हँडलवाकडा: शेवटची ओळ वाचली का दादा?

जुनाप्लग: अर्ध्या थ्रॉटलला मेन जेट फारसा कामातच येत नाही, म्हणून फरक दिसला नाही. बंद ते पाव पायलट जेट आणि स्क्रू, पाव ते पाऊण नीडल, त्यापुढे मेन. फटाके आणि वरच लटकलेली रेस, दोन्ही लीनची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याची लक्षणं. नीडलचा लॉक एक खाच खाली घे, म्हणजे नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं.
पण आधी मॅनिफोल्ड (कार्ब आणि इंजिनमधली नळी) बाहेरची हवा ओढतोय का ते बघ. गाडी आयडलला ठेवून रबराच्या जोडावर जरासा कार्ब क्लीनर फवार, गरम सायलेन्सरपासून लांब. रेस हलली तर गळती आहे. ती तशीच ठेवून जेट बदलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रेस_राजा: स्क्रू दोन आटे बाहेर काढ. माझी अशीच होती, झाली नीट.

जुनाप्लग: कोणता स्क्रू? फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की आणखी लीन. इंजिनच्या बाजूचा पेट्रोलचा, तो बाहेर म्हणजे रिच, पेट्रोल जास्त.

रेस_राजा: कित्येक गाड्या लावल्यात मी. स्क्रू बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त. विषय संपला.

धूरकट: स्पार्क प्लगचा फोटो टाक आधी. भावाच्या गाडीचा प्लग पांढराफटक (म्हणजे लीन) होता, त्याने मनावर घेतलं नाही, पिस्टन चिकटला.

लॅम्ब्डाभाऊ: प्लगच्या रंगावर अजून कोण ट्युनिंग करतं? वाइडबँड लाव, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर. पूर्ण थ्रॉटलला ते १२.५ ते १३ आलं की झालं.

धूरकट: तो जेटचे पैसे मोजतोय आणि तू मीटर विकतोयस.

सुसाट_सदा: म्हणून म्हणतोय, फ्लॅट-स्लाइड.

अर्धीकिल्ली: तो ११५ कोणाचा आहे? मिकुनी आणि केहिन या कार्ब कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मिकुनीच्या षटकोनी जेटवर प्रवाहाचा आकडा असतो, केहिनच्या जेटवर भोकाच्या व्यासाचा. आणि तार घालून भोक वाढवायच्या फंदात पडू नकोस, जेट वाया जातो.

नवाक्लच: वरचं सगळं वाचलं नाही, पण नीडलचा लॉक एक खाच खाली घेऊन बघ.

हँडलवाकडा: अपडेट. गळती नव्हती. लॉक खाली घेतल्यावर अडखळणं निम्म्याने कमी झालं, फटाके तसेच. मग कंटाळून कोन फिल्टरच काढला आणि जुना एअरबॉक्स (मूळ फिल्टरची पेटी) कसाबसा २६ च्या तोंडावर बसवला. आता मधली ओढ एकदम साफ, फटाकेही गेले. वर ११५ ला गाडी गुदमरायला लागली म्हणून मेन परत १०५. टॉपचा जोर थोडा कमी झालाय. चालेल मला.

लॅम्ब्डाभाऊ: मग बोअर वाढवलाच कशाला?

जुनाप्लग: चालेल काय? बोअर मोठा आहे, १०५ वर लांब पळवण्याआधी खात्री कर. पूर्ण थ्रॉटलवरून किंचित मागे सोड. ओढ वाढली तर मेन लहान आहे, ११० टाक.

रेस_राजा: स्क्रू किती आटे ठेवलास ते सांग.

सुसाट_सदा: कोन फिल्टर देणार का कुणाला?