ज्या बापाने सांभाळलं नाही त्याला मुलांनी सांभाळायचं का? ('द सॅव्हेजेस', 2007)

पारिजात: काल दिग्दर्शिका टॅमरा जेन्किन्सचा 'द सॅव्हेजेस' हा पिक्चर परत बघितला, रात्रभर तेच डोक्यात. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, जॉन आणि वेंडी हे भाऊबहीण, बाप लेनी ज्याने लहानपणी नुसता त्रासच दिला, आता त्याला डिमेन्शिया झालाय, ॲरिझोनात ज्या बाईसोबत राहायचा ती गेली, लग्न झालेलं नव्हतं त्यामुळे घरही गेलं. मग ही दोघं त्याला बफेलो शहरात आणून नर्सिंग होममध्ये ठेवतात. माझं मत स्पष्ट आहे, त्यांनी गरजेपेक्षा जास्तच केलं.

जुना_वाडा: ताई, अजिबात पटलं नाही. गाडीतला सीन आठवा, दोघं तावातावाने भांडतायत आणि म्हातारा गुपचूप कानातल्या मशीनचा आवाज कमी करतो, जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून घेतो. पूर्ण पिक्चरमध्ये मला तेवढंच दिसत राहिलं. बाप वाईट होता मान्य, पण आत्ता तो आजारी माणूस आहे ना.

पारिजात: अहो पण वेंडी धडपडते की, जरा बऱ्या होममध्ये जागा मिळावी म्हणून मुलाखतीत त्याला उत्तरं सुचवते!

जुना_वाडा: ते स्वतःची टोचणी कमी व्हावी म्हणून, जॉन तिला तोंडावर सांगतो तसं, की असल्या होममधली ती झाडं, ती बाग सगळी नातेवाइकांच्या अपराधी मनासाठी असते. जॉन झालेल्या फिलिप सीमोर हॉफमनने तो सीन काय केलाय, अंगावर येतो.

कडेलोट: आपल्याकडे तर प्रश्नच नाही, कायदाच आहे. 1987 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लग्न झालेल्या मुलीवरही बापाच्या पोटगीची जबाबदारी येऊ शकते.

मधली_बहीण: पोटगी कोर्ट देववेल हो, पण अंग कोण पुसणार. आमचे वडील आम्ही शाळेत असताना घर सोडून गेले. पॅरालिसिस झाल्यावर भावाचा फोन आला, मी गेले ते रागातच, काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. पांघरूण बाजूला केलं तर पायाची नखं इतकी वाढलेली की आत वळलेली, ती बघवेना, कोमट पाण्यात पाय ठेवले, नेलकटर चालेना म्हणून भावाने मोठी कात्री आणली आणि आम्ही दोघांनी मिळून कापली. माया नव्हती ती, आजही नाही. माफही केलेलं नाही. पण दर रविवारी जाते. वेंडी वडिलांसाठी लाल उशी घेते आणि ती दुसऱ्याच कुणाकडे गेल्यावर तिच्यासाठी भांडते ना, ते मला आतून कळलं.

जुना_वाडा: मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय, करायलाच हवं.

मधली_बहीण: नाही दादा. भाऊ महिन्याभरात थांबला, पैसे पाठवतो, येत नाही. त्याला मी एका शब्दाने बोलत नाही, त्याने जास्त मार खाल्लाय.

पारिजात: 'गरजेपेक्षा जास्त' हे मी मागे घेते. पण 'करायलाच हवं' हे अजूनही मान्य नाही, तुमच्या भावासाठी तर नाहीच.