सिकलसेल (एसएस) भाचा २५ चा होतोय, घरच्या पॉलिसीतून नाव निघाल्यावर विमा कसा टिकवायचा?

खामलेकर
भाचा नागपुरातच राहतो, फेब्रुवारीत २५ पूर्ण होतील. सिकलसेल एसएस (रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस म्हणजे वाहक नव्हे, रुग्ण), हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू आहे. आईवडिलांच्या ५ लाखांच्या फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी) नऊ वर्षांपासून नाव आहे, आजार तेव्हाच लिहून दिला होता. नूतनीकरण १२ मार्चला. कंपनीने कळवलं आहे की यंदा त्याचं नाव निघेल. मिहानमध्ये (नागपूरचा उद्योग परिसर) नोकरीचं जवळपास ठरलं आहे. एजंट म्हणतात, "नवीन फॉर्म भरू, आजाराचा रकाना कोरा ठेवू." हे बरोबर आहे का? की नोकरीतला ग्रुप विमा पुरेल?

धरमपेठची वाचक
खामलेकर दादा, तो कोरा रकाना आधी डोक्यातून काढा. नऊ वर्षांत मुलाच्या नावावर दोन गोष्टी जमा झाल्या आहेत. पहिली म्हणजे जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचे पैसे न मिळण्याची सुरुवातीची मुदत, संपला आहे (२०२४ पासून नियमाने तो जास्तीत जास्त ३६ महिने). दुसरी, ६० महिन्यांची मोरॅटोरियम मुदत उलटली आहे, म्हणजे फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "माहिती लपवली" म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. नवीन फॉर्म भरला की दोन्ही शून्यावर येतात. वर आजार लपवला तर फसवणुकीचं कारण आपणच कंपनीच्या हाती दिलं, आणि मग ६० महिन्यांनंतरही संरक्षण नाही.

मागायचं ते मायग्रेशन: त्याच कंपनीत, फ्लोटरमधून वैयक्तिक पॉलिसीत, जुनं क्रेडिट, म्हणजे आधीच मोजून झालेली मुदत, जसंच्या तसं. पत्रात हा शब्द लिहाच. शाखेत नुसतं "मुलाची वेगळी पॉलिसी काढून द्या" म्हटलं की समोरचा माणूस नवीन प्रपोजल फॉर्म पुढे सरकवतो, आणि बहुतेकांचं नुकसान इथेच होतं.

क्रेडिट जुन्या विमा रकमेपुरतंच मिळतं. नवी पॉलिसी १० लाखांची घेतली तर पहिल्या ५ लाखांवर प्रतीक्षा नाही, वरच्या ५ लाखांवर सिकलसेलसाठी नव्याने मोजणी. तरी वाढवून घ्या, कारण आज सुरू केलेली मोजणी कधीतरी संपते.

पोर्ट म्हणजे दुसऱ्या कंपनीत जाणं. त्यात नवी कंपनी आजार पाहून नकार देऊ शकते, म्हणून तो दुसरा पर्याय ठेवा. त्याचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा असतो. १२ मार्चपासून मागे मोजलं तर २६ जानेवारी येतं, आणि त्या दिवशी सुट्टी. दोन्ही अर्ज २० जानेवारीच्या आत द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. जुन्या पॉलिसीतून नाव काढायला नवी पॉलिसी हातात येईपर्यंत संमती देऊ नका.

पॉलिसी आली की पहिल्या पानावर "प्रथम प्रवेश दिनांक" पाहा. तिथे नऊ वर्षांपूर्वीची तारीख हवी. यंदाची छापली असेल तर ३० दिवसांच्या फ्री-लूक (पॉलिसी तपासून परत करण्याच्या) मुदतीत लेखी दुरुस्ती मागा.

मेडिकल चौक
ताईंनी पॉलिसीचं सांगितलं, मी दाव्याचं सांगतो.

सिकलसेलच्या वेदनेच्या दाव्यात सगळ्यात जास्त येणारा नकार म्हणजे "भरती होण्याची गरज नव्हती". कारण कागदावर एवढंच असतं: अंगदुखी, सलाईन, दोन दिवसांत घरी. भरतीच्या नोंदीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावं की घरच्या गोळ्यांनी दुखणं थांबलं नाही, शिरेतून वेदनाशामक द्यावं लागलं, ऑक्सिजनची पातळी किती होती, हिमोग्लोबिन नेहमीच्या किती आणि आता किती. नेहमी ८ असणाऱ्याचं ६ झालं, हे वाक्य पानभर वर्णनापेक्षा जास्त काम करतं.

रक्त चढवायला चार-पाच तास लागतात. पॉलिसीत २४ तास भरतीची अट असेल आणि डे-केअर यादीत (२४ तासांपेक्षा कमी भरतीत चालणारे उपचार) रक्त चढवणं नसेल, तर पैसे मिळत नाहीत. यादी आधीच वाचून ठेवा.

खुब्याचंही पाहा. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजतं (एव्हीएन), आणि तरुण वयातच सांधा बदलायची पाळी येते. सांधेरोपणाला बऱ्याच पॉलिसींत वेगळी २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. तिचंही क्रेडिट मायग्रेशनमध्ये मिळायला हवं, म्हणून पत्रात तीही नोंदवा. एव्हीएन "कायमचं वगळलं" अशी पुरवणी सहीला आली, तर सही करण्याआधी इथे विचारा.

खोलीभाड्याची मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. मर्यादेतलीच खोली घ्या.

खामलेकर
खूप उपयोग झाला. दोन शंका. नोकरीत पगार २० हजारांच्या आसपास असेल. आणि भाची एएस आहे, तिच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं?

धरमपेठची वाचक
एएस म्हणजे वाहक, रुग्ण नाही. पण "सिकलसेल: हो" एवढंच लिहिलं की तिला रुग्ण समजून नकार येतो. "सिकलसेल वाहक (एएस), उपचार नाही, भरती नाही" असं पूर्ण लिहा आणि एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट जोडा.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयच्या (कामगारांसाठीची सरकारी विमा योजना) कक्षेत असेल, तर ईएसआय लागू होईल, कपात ०.७५ टक्के. खासगी विम्यात न बसणारी ओपीडी आणि रोजची औषधं त्यात बसतात, जुन्या आजाराची आडकाठी नाही. पण पगार वाढला किंवा नोकरी सुटली की ते जातं. ग्रुप विम्याचंही तेच. म्हणून वैयक्तिक पॉलिसी नोकरी लागली तरी बंद करू नका. हप्ता चुकलाच तर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरलं तर क्रेडिट टिकतं, मात्र मधल्या दिवसांतल्या आजाराचे पैसे नाहीत.

मेडिकल चौक
रेशनकार्डावर भाच्याचं नाव आहे ना, ते पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, प्रतीक्षा नाही, पण ठरलेल्या पॅकेजपुरतेच. भरतीच्या वेळी धावपळ नको, म्हणून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) आताच विचारून या.

सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. तपासणीत ४० टक्के किंवा जास्त निघालं तर यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढा. २०२३ पासून प्रत्येक सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी एक पॉलिसी ठेवणं बंधनकारक आहे. मायग्रेशन आणि पोर्ट दोन्ही अडले तर तिथे अर्ज करता येतो.

नकार आलाच तर कारणासह लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे द्या, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी). तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं.

खामलेकर
पत्राचा मसुदा आज रात्री इथेच टाकतो. ताई, "मायग्रेशन" आणि "प्रथम प्रवेश दिनांक" हे दोन्ही शब्द आले आहेत का, तेवढं पाहून द्या.