मदत हवी आहे: पिवळ्या तापाची लस न घेता केनियाहून परत येणे

वडील (वय ६८) पुढच्या महिन्यात बहिणीकडे नैरोबीला जाणार आहेत. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण, हे माहीत आहे. लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, हेही. वेळेचा प्रश्न नाही.

अडचण औषधांची आहे. संधिवातासाठी ते मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेतात, आणि ही लस जिवंत विषाणूची, म्हणजे धोका. त्यात वय साठीच्या पुढे. त्यांच्या डॉक्टरांनी लस नकोच म्हणून स्पष्ट सांगितलंय, म्हणून "घेऊन टाका, काही होत नाही" हा सल्ला कृपया नको. गोळ्या थोडे दिवस बंद ठेवायचंही विचारून झालं, नाही म्हणाले. टायफॉइडची लस आणि मलेरियाच्या गोळ्यांचं त्यांच्याशी बोलणं झालंय.

लसीकरण केंद्रात फोन केला, तर "डॉक्टरांचं पत्र आणा, बघू" एवढंच उत्तर.

वैद्यकीय कारणाने लस न घेता केनियाहून मुंबईला कोणी परत आलंय का? सूटपत्र साध्या लेटरहेडवर चाललं, की पिवळ्या पुस्तिकेत (आंतरराष्ट्रीय लसीकरण प्रमाणपत्र) सरकारी केंद्राचा शिक्का लागला? आणि पत्र असूनही विमानतळावरून विलगीकरणात नेलं का?