वेशीच्या आत: आपल्या गावाची पायी फेरी (अनुभव धागा)

माझी आजी पत्ता सांगताना घराचा नंबर कधी सांगत नसे. "पोहा वेशीच्या आत या अन् कोणालेबी इचारा," एवढंच. मी कारंज्याची. कारंजा लाड, जिल्हा वाशीम. लग्न होऊन बाहेर पडले त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा पहिल्यांदा चारही वेशी एका सकाळी पायी केल्या. तोवर माझं गाव मी बाबांच्या सायकलच्या दांडीवरून आणि नंतर स्कूटरवरून पाहिलेलं होतं.

आम्ही तिघी होतो. मी, आत्या आणि आत्याची बारावीतली नात. आत्याचे गुडघे दुखतात, पण "थांबत थांबत जाऊ, घाई कोनाले हाय?" म्हणून तीच पुढे निघाली. आमच्या वेशींची नावं त्या त्या वाटेवरून पडलेली आहेत. दारव्ह्याकडे जाणारी दारव्हा वेस, मंगरूळची मंगरूळ वेस, पोह्याची पोहा वेस. आणि चौथी दिल्ली वेस! लहानपणी मला वाटायचं, या वेशीतून निघालं की दिल्ली लागते. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लागतेच ना माय. पयले असेच चालत जात लोकं."

वाटेत कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट निघाली. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी आला. एवढा माल घेणारं कोणी मिळेना. तेव्हा इथल्या लेकुरसंघई घराण्यातल्या सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. आत्याने ज्या भिंतीकडे बोट दाखवलं तिला नातीने नाक लावलं. ओल्या चुन्याचा आणि पारव्यांचा वास आला म्हणाली. आत्याचा मात्र ठाम विश्वास आहे की पावसाळ्यात तिला कस्तुरीचा वास येतो. मी वाद घातला नाही.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुचरित्रातलं. त्यामुळे गुरुमंदिरात महाराष्ट्रभरातून लोक येतात. स्टँडवरून ऑटो, दर्शन, प्रसाद आणि परत ऑटो. पायी पंधरा-वीस मिनिटांवर काष्ठासंघाच्या जैन मंदिरात केवढं लाकडी कोरीवकाम आहे, सेनगण आणि बलात्कारगण या जैन परंपरांची मंदिरं आहेत, जुन्या हस्तलिखितांसाठी अभ्यासक कारंज्याला येत आले आहेत, हे त्या भाविकांपर्यंत पोहोचतच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

तुम्ही तुमच्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी असं चाललात का? कुठून निघालात, कुठे वळलात, कोण भेटलं ते लिहा. पुस्तकातली माहिती चालेल, पण त्या वाटेला तुमचे पाय लागलेले असावेत.

चांदागड

मी मूल तालुक्यातला. चांदा आमच्यासाठी बाजाराचं गाव. चंद्रपूर म्हणायची सवय आमच्या घरात अजून पुरती लागलेली नाही. लहानपणापासून जटपुरा गेटातून शेकडो वेळा गेलो असेन, पण मान वर करून पाहिलं नव्हतं. गेटावर दगडात हत्तीवर चढलेला सिंह कोरलाय. गोंड राजांचं हे चिन्ह. गाड्यांची गर्दी एवढी की उभं राहून बघायला पहाटच गाठावी लागते.

परकोटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर. चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे भिंतीतलं लहान दार. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. मसण खिडकीच्या नावातच तिचं काम आलं. आमच्याकडे लोक अजून "खिडकीपाशी उतरवून द्या" म्हणतात, तेव्हा बाहेरच्या ऑटोवाल्याचा गोंधळ होतो.

हा कोट असा वेडावाकडा का, याची कथा मला आजोबांनी सांगितली होती. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गाठी-फोड होते. झरपट नदीच्या पाण्याने ते बरे झाले. तिथेच एक दिवस राजाला नवल दिसलं: ससा कुत्र्याच्या मागे लागलाय! सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राणी म्हणाली, ही जागा साधी नाही, ससा जिथून जिथून धावला तिथून तिथून कोट बांधा. मी तीन रविवार लावून कोट पूर्ण केला. एका सकाळी होत नाही, कारण मधेमधे घरं, झुडपं आणि पडलेली भिंत आहे. जिथे कोट अचानक वळतो तिथे मी दर वेळी थांबलो आणि आजोबांचा ससा इथे वळला असणार, असं मनात आलं.

कोटावर चालता येतं ते इको-प्रो या संस्थेच्या पोरांमुळे. २०१७ पासून त्यांनी बुरुजावरचं रान काढलं. हाताने, कुऱ्हाडी-फावड्यांनी, कित्येक महिने रोज सकाळी. त्याआधी मी एकदा वर चढायचा प्रयत्न केला होता आणि काटेरी झुडपातून परत फिरलो होतो. अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजा बीरशहाची समाधी आहे, राणी हिराईने बांधलेली. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेली एवढी मोठी वास्तू आपल्याच जिल्ह्यात आहे, हे शाळेत मला कोणी सांगितलं नाही. माझ्या मुलीला मी तिथे घेऊन गेलो. ती चौथीत आहे. तिने समाधीला तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "राणीची कुठं हाय?"

अकोलेकर

बाळापूर. थोडक्यात लिहितो, कारण आम्ही उन्हात अडकलो. मार्चची सकाळ, पण दहालाच डोकं तापलं. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधला विटांचा किल्ला १७५७ मध्ये पूर्ण झाला. पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ, तिच्यावरूनच गावाचं नाव. किल्ला पाहून गल्ल्यांतून नदीकडे उतरलो की मिर्झाराजे जयसिंगांची छत्री लागते. पुरंदरच्या तहातले जयसिंग. नदीकाठच्या त्या खांबांच्या सावलीत बसलो तेव्हा जिवात जीव आला. छत्री बसण्यासाठीच बांधली असेल तर बांधणाऱ्याला वऱ्हाडचं ऊन नीट ठाऊक होतं. आधी छत्री आणि मग किल्ला असं करू नका. उलटं करा, म्हणजे शेवटी सावली मिळते.

पवनीकर

आमच्या पवनीत गावाच्या तीन बाजूंनी मातीचा तट आहे आणि बाहेर खंदक. चौथ्या बाजूला वैनगंगा. लहानपणी आम्ही त्या तटावरून घसरगुंडी खेळायचो. ती टेकडी नसून माणसांनी रचलेली माती आहे, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं, तेही एका परप्रांतीय विद्यार्थ्याकडून. तो तटाची मापं घेत होता आणि मी बैल घेऊन चाललो होतो. पुढे दोन दिवस मी त्याच्यासोबत हिंडलो.

त्यानेच जगन्नाथ टेकडीवर नेलं. तिथे देऊळ आहे, आम्ही जत्रेला जायचो. त्या टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे खोदकाम केलं. दोन हजार वर्षांहून जुनं काम. कोरीव खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. आमच्या घरातल्या मोठ्या बाबाजींनी त्या खोदकामावर मजुरी केली होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माती काढत होतो. साहेब लोकं ब्रशनं झाडत जात. एक दिवस दगडावर फना असलेला नाग निघाला, तवा आमी सगळ्यायनं हात जोडले." तो मुचलिंद नाग. बुद्धावर फणा धरणारा. बाबाजींना ती कथा ठाऊक नव्हती, तरी हात जोडले गेले.

आमच्या फेरीचा क्रम सांगतो. दगडी दरवाज्यातून आत, मग कोष्टीपुऱ्यातून घाटाकडे. आता माग कमी राहिले, पण एखाद्या घरातून खटखट ऐकू येते. थांबून ऐका, बोलवतात आत. देवळं मोजत बसू नका, मोजून होत नाहीत. लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ते उगाच नाही. शेवटी वैजेश्वराच्या घाटावर. वर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पायऱ्या पाण्याखाली जातात, तेव्हा पावसाळ्यात आधी गावात विचारून मगच उतरा. कार्तिकातली पहाट सगळ्यात चांगली.

एक गोष्ट टोचते. त्या तटाची माती भरायला लोक ट्रॅक्टर लावतात. घर बांधायला भराव हवा असतो, हे मी समजू शकतो, मीही शेतकरीच आहे. पण दर पावसाळ्यानंतर तट थोडा बुटका दिसतो.

धागाकर्ती

पवनीकर, बाबाजींचं बोलणं मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

दंडवत

आमचं घर महानुभाव. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे आमचं मोठं तीर्थ. चक्रधर स्वामींचे गुरू गोविंदप्रभू, त्यांचं गाव. इथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, तेराव्या शतकात. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. वाजेश्वरी म्हणून ती जागा दाखवतात.

तुम्ही सगळे पायी फेरीला नवीन गोष्ट समजून लिहिता आहात, म्हणून सांगावंसं वाटलं. आमच्याकडे स्थानपोथी आहे. गोविंदप्रभू आणि चक्रधर स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, कुठे निजले, ती जागा गावाच्या कोणत्या बाजूला, देऊळ कोणत्या तोंडाचं, दार कुठल्या दिशेला, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. शेकडो वर्षांपूर्वीची मराठी, आणि वाचत वाचत तुम्ही आजही चालू शकता. आमचे पूर्वज असेच चालत आले.

माझ्या आईने मला सात-आठ वर्षांचा असताना फिरवलं. पायात काही घालायचं नाही. प्रत्येक स्थानावर ओटा आहे. तो धुवायचा, विडा ठेवायचा, दंडवत घालायचा आणि तिथली लीळा ऐकायची. लीळा म्हणजे गोष्टच, पण अगदी रोजच्या जगण्यातली. गोविंदप्रभू कुणाच्या घरी शिरले, कुणाच्या हातचं खाल्लं, पोरांबरोबर कसे खेळले. ज्यांना गावाने लांब ठेवलं त्यांच्याही वस्तीत ते जात. आई सांगायची आणि त्याच गल्लीतून शाळेची पोरं दप्तरं घेऊन जात असायची. त्यामुळे मला कित्येक वर्षं वाटे की ही गोष्ट परवाची आहे.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी मी एकटा गेलो. काही ओट्यांवर आता टाइल्स आहेत, कुठे शेड आलंय. २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरातच सुरू झालंय, त्यामुळे चहाच्या टपरीवर नवीन पोरं दिसतात. एका ओट्यापाशी मी लीळा विसरलो. आई काय सांगायची ते आठवेचना. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "बस बाप्पा, मी सांगतो." त्यांनी सांगितली, आईच्याच शब्दांत. नंतर मी त्यांच्याकडे भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन निघालो.

शिक्षिका, बुलडाणा

मी दरवर्षी शाळेची मुलं सिंदखेडराजाला नेते, १२ जानेवारीला नाही. त्या दिवशी जिजाऊ जन्मोत्सवाला लाखो लोक येतात, ते पाहायलाच हवं, पण लहान मुलांना पायी फिरता येत नाही. आम्ही फेब्रुवारीत जातो. वाडा, रंगमहाल, मग जिजाऊंचे वडील लखुजी जाधवांची समाधी, नंतर पुतळा बारव आणि शेवटी मोती तलाव. मुलांना मी वाड्यात काहीच सांगत नाही. समाधीपाशी बसवते आणि मग सांगते की १६२९ साली निजामशाही दरबारात लखुजींना मुलांसह दगा देऊन मारलं, तेव्हा जिजाऊ लग्न होऊन दूर होत्या. शिवाजी महाराजांचा जन्म पुढच्या वर्षीचा, १६३०. एवढ्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मुलं आपोआप गप्प होतात.

एक विनंती सगळ्यांना: जुन्या वस्तीत लोक राहतात. कोणाच्या ओसरीचा फोटो काढण्याआधी विचारा. मुलींना घेऊन जात असाल तर गावातलीच एखादी बाई सोबत घ्या, प्रत्येक दार उघडतं.

गेटमनचा नातू

अचलपूर. माझे आजोबा शकुंतला रेल्वेच्या मार्गावर गेटमन होते. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला १९९४ पर्यंत होतं. गाडी बंद झाली तरी आजोबांची सवय गेली नाही. ते रोज संध्याकाळी रुळापर्यंत चालत जायचे.

अचलपूर १४९० पासून इमादशाहीच्या राज्यातलं मोठं शहर. ती सल्तनत १५७४ ला संपली. पण कोट, दरवाजे, गावाबाहेरचा अष्टकोनी हौज कटोरा, रहमानशहा दुल्हांचा दर्गा, सगळं आहे. माझी फेरी मी आजोबांच्या उलट दिशेने करतो. स्टेशनवरून सुरू, दुल्हा दरवाज्यातून आत. पहिल्यांदा आजोबांनीच नेलं होतं. दर्ग्यात त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि डोक्यावर रुमाल बांधला. दर्ग्याच्या दारातल्या फुलवाल्याने त्यांना नावाने हाक मारली, "आज गाडी लेट हाय काय आबाजी?" गाडी तेव्हा बंद होती. आजोबा म्हणाले, "येईन."

मागच्या रविवारी मी तिथून गेलो. फुलवाल्याचा मुलगा बसतो आता. मी कोण ते सांगितलं. त्याने चादरीवरची चार फुलं माझ्या ओंजळीत घातली आणि विचारलं, स्टेशनवरून चालत आला का.